साक्षीला उभे राहणारे

इंग्लंडातील शेफील्ड शहरातले एक मुसलमान कुटुंब. आजी उम्ब्रीन हिचा वाढदिवस आहे, आणि भेटी घेण्याऐवजी ती आपल्याजवळच्या जुन्या वस्तू लेकीनातींना वाटून टाकीत आहे. यास्मिन नावाच्या नातीच्या हातावर ती एक मनगटी घड्याळ ठेवते. त्याची काच फुटलेली, काटे थांबलेले. ते कधीही दुरुस्त करायचे नाही, एवढेच आजी बजावते. का, ते सांगत नाही. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ ह्या मालिकेतील ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ ह्या भागाची ही सुरुवात.

मालिका मूळची १९६३ सालची. १९८९ साली ती बंद पडली आणि २००५ साली तिचे पुनरुज्जीवन झाले. डॉक्टर एवढ्याच नावाने ओळखला जाणारा एक परग्रहवासी पोलिसांच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून काळात मागेपुढे हिंडतो आणि मरायला टेकला की देह पालटून पुन्हा उभा राहतो. २०१८ च्या मालेत हा देह प्रथमच एका स्त्रीचा होता. जोडी व्हिटेकर ह्या अभिनेत्रीने ती भूमिका केली. परग्रहांवरच्या राक्षसांची मला एरवी गोडी नाही, आणि ह्या भागातले त्यांचे मुखवटेही मला बटबटीतच वाटले. पण विनय पटेल ह्या लेखकाने त्या मुखवट्यांकडून जे काम करून घेतले आहे, ते माझ्यासारख्या धर्मगुरूच्या नित्याच्या कामाच्या इतके जवळचे निघाले की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवेना.

घड्याळाचे कोडे उलगडावे म्हणून यास्मिन डॉक्टरला गळ घालते आणि सारे १७ ऑगस्ट १९४७ रोजी पंजाबातील एका शेतमळ्यावर उतरतात. वाचकांना ह्या तारखेची ओळख वेगळी करून द्यायला नको. स्वातंत्र्य येऊन दोन दिवस झाले होते. पण नवी सीमा गावाच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे लोकांना कळले ते १७ तारखेला. सर सिरिल रॅडक्लिफ हे गृहस्थ त्यापूर्वी कधी भारतात आले नव्हते. जुलैत ते आले आणि जेमतेम पाच आठवड्यांत त्यांनी दोन प्रांत कापले. सव्वा ते दीड कोटी माणसे घरादाराला मुकली. मेलेल्यांचा आकडा कोणी दोन लाख सांगतो, कोणी वीस लाख. दोन लाख आणि वीस लाख ह्यांमधल्या अठरा लाखांचे काय, असा प्रश्न मला पडतो. ज्यांच्या मरणाला कोणी नव्हते, तेच ह्या फरकात बुडालेले असणार.

त्या मळ्यावर तरुण उम्ब्रीनचे लग्न ठरलेले असते, तेही प्रेम नावाच्या एका हिंदू तरुणाशी. यास्मिनला धक्का बसतो, कारण हा तिचा आजोबा नव्हे. प्रेम हा महायुद्धात लढून आलेला शेतकरी. थोरला भाऊ कुणाल त्याच युद्धात पडलेला. धाकटा मनीष रेडिओवरची भाषणे ऐकत ऐकत परका होत चाललेला. वाग्दत्त वधूच्या आईलाही हे लग्न पसंत नाही. अशा घरात ज्या साधूने लग्न लावायचे, तो रानात मरून पडलेला सापडतो आणि त्याच्या देहाशेजारी दोन परग्रहवासी उभे असलेले दिसतात. सर्वांचा संशय अर्थातच त्यांच्यावर जातो. प्रेमने त्यांना पूर्वीही पाहिलेले असते, कुणालच्या प्रेताजवळ.

हे थिजारियन. एके काळी विश्वातील नामांकित मारेकरी अशी त्यांची ख्याती. पण ते असेच कामगिरीवर दूर गेले असताना त्यांचा ग्रह नष्ट झाला. परतले तेव्हा मृतांसाठी रडायलाही कोणी उरले नव्हते. तेव्हापासून त्यांनी मारणे सोडले. आता जो एकटा मरणार आहे, ज्याच्या मरणाची दखल घेणारे कोणी नाही, त्याच्यापाशी ते जातात आणि उभे राहतात. ते मरण चुकवीत नाहीत आणि लांबवीतही नाहीत. साधूला मारणारा मनीषच असतो.

वाचवू न शकणारा माणूस जवळ उभा राहून काय साधतो? खाटेशेजारी नुसते उभे राहावे लागते तेव्हा डॉक्टर मंडळींना हा प्रश्न छळतो, नातलगांना छळतो, आणि तेलाची डबी खिशात घालून रात्री-अपरात्री निघणाऱ्या आम्हांलाही सोडत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात क्रूसाजवळच्या पवित्र मरियेविषयी फार थोडे सांगितले आहे. ती काही बोलल्याचे लिहिलेले नाही, तिने कोणाला अडवले असेही नाही. ती उभी होती, एवढेच. आणि रोझरीच्या एका माळेत आपण ५३ वेळा तिच्याकडे जे मागतो, त्यात मरणाच्या घटकेची आठवण आहेच. त्या घटकेला आपल्यापाशी कोणी असावे, ही मागणी भित्र्या माणसाची नव्हे.

२०२० आणि २०२१ ह्या वर्षांनी हे आपल्याला फार कठोरपणे शिकवले. इस्पितळाच्या दाराशी उभे राहून मी प्रार्थना म्हटल्या आहेत. आत जायची परवानगी कोणालाच नव्हती, मुलालाही नाही, धर्मगुरूलाही नाही. २० मार्च २०२० रोजी रोमहून एक आदेश निघाला होता. ज्यांना शेवटचे संस्कार मिळू शकत नाहीत, पण जे आयुष्यभर काही ना काही प्रार्थना करीत आले, त्यांना मरणसमयी पापदंडाची संपूर्ण माफी त्यात दिलेली होती. त्या आदेशाने अनेक घरांना धीर दिला. तरी एक वृद्ध विधवा मला जे विचारीत राहिली, त्याचे उत्तर त्यात नव्हते. तिला पापदंडाची चिंता नव्हतीच. तिचा प्रश्न एवढाच, की शेवटी ‘त्यांच्या’ उशाशी कोण होते? मी तिला म्हणालो, एखादी परिचारिका असेल. तिने मान हलवली आणि ती परिचारिका कुठली असेल, केरळची का, असे विचारले. तिला साक्षीदार हवा होता.

पुन्हा पंजाबकडे वळू. साधू मेला, तेव्हा लग्न डॉक्टर लावते. सीमा म्हणून जी दोरी ताणली होती, त्याच दोरीने वधूवरांचे हात बांधतात. ही कल्पना थोडी भडक आहे खरी. पण एक गोष्ट मला अचूक वाटली. आपल्या लॅटिन परंपरेतही विवाहाचा संस्कार धर्मगुरू देत नाही. वधू आणि वर तो एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षीला असतो. मिश्रविवाहांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात, त्यांमागची घराघरांतली रडारड मी ऐकतो, म्हणून त्या दोघांच्या लग्नाला साक्षीदार मिळाला ह्याचे मला बरे वाटले.

मग बंदूकधारी येतात. त्यांना मनीषनेच बोलावलेले असते. आईला घेऊन उम्ब्रीनला पळून जाता यावे म्हणून प्रेम मागे राहतो आणि त्यांना सामोरा जातो. त्यांच्यातला एक जण युद्धात त्याच्या बरोबरीने लढलेला. यास्मिनला सारे ठाऊक आहे, यानही जवळ आहे. पण प्रेम जगला तर तिची आई जन्मणार नाही, तीही नाही. ती पाठ फिरवून चालू लागते. गोळीचा आवाज मागून येतो. त्या क्षणी प्रेमपाशी कोण उभे असते, हे आता आपल्याला माहीत असते. मराठीत आपण श्रद्धेसाठी मरणाऱ्याला ‘रक्तसाक्षी’ म्हणतो. ग्रीक भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ नुसता ‘साक्षीदार’ असाच होता.

माझी एक तक्रार आहे. रेघ मारणाऱ्या राज्यकर्त्यांकडे हा भाग ओझरते पाहतो आणि सारा भार एका भावाच्या माथ्यावर ठेवतो. घरातला द्वेष खराच. पण त्याला पाच आठवड्यांची घाई कोणी पुरवली?

हा भाग ११ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रथम दाखवला गेला. पहिले महायुद्ध थांबल्याला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे झाली होती, आणि इंग्लंडात लोक छातीवर लाल फुले लावून आपल्या सैनिकांचे स्मरण करीत होते. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरांत प्रेमचे मरण दिसले. आपल्याकडे अमृतसरला फाळणीचे संग्रहालय उभे राहायला २०१७ साल उजाडले. वसईहून फार दूर नसलेल्या उल्हासनगरातले सिंधी कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले तेव्हा काय मागे टाकून आले होते, हे त्यांच्या शेजाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले असेल?

शेफील्डला परतल्यावर आजी म्हणते, घड्याळाची गोष्ट सांगू का? यास्मिन म्हणते, पुन्हा कधीतरी.

नोव्हेंबर लागला की आमच्या धर्मग्रामातही कुटुंबे आपल्या मृतांची नावे कागदावर लिहून देतात आणि महिनाभराच्या मिस्सांमध्ये ती वाचली जातात. कागद बहुधा आजीच्या अक्षरातला असतो. तो जीर्ण झाला की सुना त्याची नक्कल करतात. एकदा अशा यादीच्या तळाशी एक नाव होते, आडनावाशिवाय. मी विचारले, तेव्हा घरची सून म्हणाली, “फादर, हा कोण ते आम्हांला ठाऊक नाही. सासूबाई दरवर्षी लिहायच्या, म्हणून आम्हीही लिहितो.” मी दरवर्षी ते वाचतो.