राखाडीच्या बाजूने

फिल्मच्या काळापासून आजच्या लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत माझ्या छायाचित्रणात एका रंगाने कधी साथ सोडली नाही, तो म्हणजे राखाडी. किनाऱ्यावरचे पक्षी टिपायचे तर गाठ राखाडीशीच पडते. हिवाळ्यात शिवडीच्या किंवा ठाणे खाडीच्या चिखलावर उतरणारे स्टिंट, सँडपायपर, प्लोव्हर पाठीकडून राखाडी-तपकिरी आणि पोटाकडून पांढरे असतात. मागचा चिखल राखाडी आणि पुष्कळदा वरचं आभाळही तसंच. असा फोटो संगणकावर उघडला की हात आपसूक सॅच्युरेशनच्या स्लायडरकडे जातो. फोटो 'उठावदार' करायची ही सवय किनारपक्ष्यांच्या बाबतीत घातक आहे, असं माझं ठाम मत आहे. फोटोवर संस्कार जरूर करावेत. पण एक गोष्ट सांभाळावी: शेजारी-शेजारी असलेल्या दोन रंगांमध्ये किनाऱ्यावर जेवढा फरक होता, तेवढाच फोटोतही राहावा.

राखाडीला स्वतःची छटा जवळजवळ नसते, म्हणून पडेल त्या प्रकाशाची छटा ती लगेच घेते. सावलीत, निळ्या आभाळाच्या उजेडात पक्षी निळसर दिसतो. सूर्य कलला की तोच पक्षी तांबूस होतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स इथे निव्वळ अंदाज बांधतो आणि चौकटभर चिखल असला की तो अंदाज अनेकदा चुकतो. म्हणूनच 'मी फोटोला हातच लावत नाही' या अभिमानात मला फारसा अर्थ दिसत नाही. कॅमेऱ्यातून निघालेली जेपेग फाइल कॅमेरा बनवणाऱ्याच्या आवडीने आधीच रंगवलेली असते. फिल्मही निष्पाप नव्हती. १९९० साली आलेली फुजीची वेल्व्हिया निसर्ग छायाचित्रकारांना भावली ती तिच्या भडक हिरव्या-तांबड्यामुळेच. संस्कार टळत नाहीतच, तेव्हा ते डोळसपणे करावेत. व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर सुधारताना बदल सबंध चौकटीवर होतो. पक्षी आणि चिखल एकत्र सरकतात, त्यांच्यातलं अंतर साधारण तसंच राहतं. घोटाळा सुरू होतो तो एकेक रंग वेगळा काढून फिरवायला लागल्यावर.

लिटल स्टिंटचे पाय काळे असतात, तर टेमिंक्स स्टिंटचे पिवळट-हिरवट. चिमणीएवढ्या या दोन पक्ष्यांना ओळखताना पायांचा रंग ही मोठी खूण असते. (पायांना चिखल फासला असेल तर तीही जाते, ते वेगळं.) आता वाळू फार पिवळी दिसते म्हणून कुणी फक्त पिवळ्याचा स्लायडर खाली ओढला, तर वाळू स्वच्छ होते खरी, पण तिच्याबरोबर टेमिंक्सचे पायही करडे पडतात. पुढे जाणकार माणूससुद्धा त्या फोटोवरून गोंधळतो. अभ्यासकांनी पक्ष्यांच्या पायात घातलेल्या रंगीत फ्लॅगचंही तसंच. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात पक्ष्यांना नारिंगी फ्लॅग लावतात, वायव्य ऑस्ट्रेलियात पिवळा. नारिंगीची छटा जरा पिवळ्याकडे झुकवली, तर पक्ष्याचं गाव हजारो किलोमीटर सरकतं. उन्हापाण्याने फ्लॅग आधीच विटलेला असतो, त्यात आपली भर कशाला?

तारखेचा मुद्दा मला याहून मोलाचा वाटतो. कर्ल्यू सँडपायपर हिवाळाभर राखाडी असतो आणि एप्रिल-मेमध्ये उत्तरेकडे निघण्याआधी विटकरी होत जातो. ऑगस्टमध्ये परतलेल्या प्रौढ पक्ष्यांच्या पोटावर त्या विटकरीचे तुकडे उरलेले दिसतात. ती फिकट तांबूस झाक म्हणजे त्या पक्ष्याचं पंचांगच. डिसेंबरच्या संध्याकाळी काढलेल्या फोटोत लाल-नारिंगी वाढवली, की भर थंडीत पक्षी निघायच्या तयारीत असल्याचा भास होतो. रोहित पक्षी वेगळ्या कुळातले, पण खाडीवर शेजारीच असतात. त्यांची राखी-तपकिरी पिल्लं गुलाबीच्या हव्यासापायी मोठ्यांसारखी दिसू लागतात आणि थव्यात यंदाची पिल्लं किती होती, हे फोटोतून पुसलं जातं.

छाया-प्रकाशातही हाच धोका आहे. पाठ गडद आणि पोट पांढरं का, याचा खुलासा अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेअर यांनी १८९६ साली मांडला. वरून ऊन पडलं की पाठ उजळते, पोट सावलीत जातं, दोन्ही जवळपास सारखी दिसतात आणि पक्ष्याची गोलाई नजरेतून निसटते. फोटोत शॅडोजचा स्लायडर चढवून पोट पांढरंशुभ्र केलं की ही सारी युक्ती मोडते. पक्षी चिखलावर कापून चिकटवलेला वाटतो. ओल्या वाळूवरून पोटाखाली उसळलेला उबदार उजेडही त्यात धुऊन निघतो. म्हणून पोटाची सावली मी राहू देतो. पांढरा मात्र फोटो काढतानाच जपावा लागतो. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये अवघ्या २५६. पण भर उन्हात जळून गेलेलं पांढरं पीस दोन्हींपैकी कशातूनच परत मिळत नाही.

कुणी म्हणेल, छायाचित्र ही कला आहे, ओळखपरेडचा कागद नव्हे. मान्य. भिंतीवर लावायच्या चित्रात कलावंताने हवा तो रंग घ्यावा, फक्त तो आपला आहे हे सांगावं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: पुष्कळ पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो, मग माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगाला खरा कसा म्हणायचं? तो पूर्ण खरा नाहीच. म्हणून तर मी अमुक छटेच्या शुद्धतेचा आग्रह धरत नाही. धरतो तो फरकाचा. पाठ पोटापेक्षा किती गडद होती, पाय वाळूहून किती निराळे होते, हे माणसाच्या नजरेच्या मर्यादेतही तपासता येतं. संध्याकाळच्या सोनेरी उजेडाचंही उत्तर यातच आहे. तो उजेड पक्ष्यावर आणि चिखलावर सारखाच पडलेला असतो, म्हणून तो ठेवावा. एकट्या पक्ष्याला सोनेरी करू नये.

किनाऱ्यांवर भराव पडत आहेत आणि या पक्ष्यांच्या अभ्यासात हौशी लोकांचे फोटो नोंदी म्हणून वापरले जातात. तेव्हा विनंती इतकीच: मूळ रॉ फाइल पुसू नका आणि फोटोखाली जागा, तारीख, वेळ लिहा, एखादा रंग वेगळा काढून बदलला असेल, तर तेही लिहा.