भिलापूरजवळची संध्याकाळ

बडोद्यातील मराठी कुटुंबांना गरुडेश्वर कोठे आहे हे सांगावे लागत नाही. सावंतवाडीजवळच्या माणगावी १८५४ साली जन्मलेले टेंबे स्वामी १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरी समाधिस्थ झाले, आणि तेव्हापासून दत्तभक्तांची ही वाट मोडलेली नाही. आमच्या लहानपणी दभोईपर्यंत छोट्या रुळांच्या गाडीने आणि पुढे मिळेल त्या वाहनाने जावे लागे. आता रस्ता रुंद झाला आहे, केवडियाच्या पुतळ्यामुळे तर त्या वाटेवर वर्दळही पुष्कळ असते. सकाळी निघून दर्शन, घाटावर थोडी बैठक, प्रसाद आणि दिवेलागणीच्या आत घरी, असा आमचा दरवर्षीचा क्रम आहे.

गेल्या वैशाखात शाळेला सुटी लागताच आम्ही असेच निघालो. मी, सौ., ब्याऐंशी वर्षांची आई आणि मोटार चालवायला माझा भाचा. मोटार जुनी, पण निगुतीने ठेवलेली, असा माझा समज होता. टायरांच्या नक्ष्या खोल होत्या, त्याअर्थी टायर चांगले, हे माझे शास्त्र. ते किती अपुरे होते, हे परतीच्या वाटेवर कळायचे होते.

दभोई मागे पडली. तिथल्या हिरा भागोळीचे दर्शन आईला गाडीतूनच घडवले. ज्या गावात १८६२ साली खंडेराव महाराजांच्या राज्यात मियागामपासून लहान मापाचे रूळ येऊन पोहोचले आणि त्यांवरून आरंभी बैलांनी डबे ओढले, ते हे गाव. ही हकीकत भाच्याला सांगत असतानाच भिलापूर जवळ आले, आणि मागून तोफ उडावी तसा आवाज झाला. मोटार डावीकडे ओढू लागली. भाच्याने घाबरून ब्रेक दाबला नाही, ही देवाची कृपा आणि त्याचे शहाणपण. दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरून, पाय अलगद उचलून, गाडीचा वेग आपोआप मरू देत त्याने ती कडेच्या मातीत आणली. तोवर मागे चाकाच्या खोबणीत कोणी चाबूक ओढावा तसा फाड-फाड आवाज चालला होता. टायरची सुटलेली रबरी पट्टी चाकाबरोबर फिरत पत्र्यावर आपटत होती.

उतरून आम्ही आईला बाभळीच्या सावलीत बसवले आणि लाल त्रिकोण पन्नास-साठ पावले मागे नेऊन ठेवला. तोफेची उपमा सुचली ती उगीच नव्हे. १ एप्रिल १७३१ रोजी याच टापूत बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची गाठ पडली, दाभाडे मारले गेले, आणि त्यांच्या बाजूने लढणारे पिलाजी गायकवाड जखमी होऊन निसटले. पुढच्याच वर्षी पिलाजींचा डाकोरला खून झाला, आणि १७३४ साली दमाजींनी बडोदे कायमचे हाती घेतले. आपण आज बडोदेकर म्हणवतो त्याची एक गाठ या भिलापुरात आहे. पण त्या घटकेला इतिहास सांगणारा मुख्याध्यापक कोणालाच नको होता. जॅक धरणारा हवा होता.

स्टेपनी चढवायला पाऊण तास गेला. (स्टेपनी हा शब्द मला पूर्वी आपल्याकडचाच अपभ्रंश वाटे. वास्तविक तो वेल्समधील लानेली गावाच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढले. ते नाव त्यांच्या देशात विसरले गेले, आपल्याकडे अजून गॅरेजागॅरेजात नांदते आहे.) चाक बसले, पाने डिकीत गेले, आणि आता घर गाठले असे म्हणत भाच्याने दिवे लावले. सूर्य मावळला होता. समोरचे मोठे दिवे लागले, परंतु वेगाचा काटा दाखवणारी तबकडी काळीच राहिली. मी मागे जाऊन पाहिले, तर मागचे दोन्ही लाल दिवे विझलेले, नंबराच्या पाटीवरचाही गेलेला. वर तबकडीत एक पिवळा इशारा मात्र जळत होता.

भाच्याचे पहिले अनुमान बॅटरीचे. ते मी खोडून काढू शकलो, कारण बॅटरी गेली असती तर मोठे दिवे लागले नसते आणि इंजिनही फिरले नसते. मग आम्ही एकेक वस्तू तपासत गेलो. भोंगा वाजत होता. ब्रेक दाबला की मागचे तांबडे ब्रेकदिवे लागत. चारही कोपऱ्यांचे पिवळे दिवे लुकलुकत. म्हणजे जे चालत होते त्यानेच न चालणाऱ्याचा पत्ता दिला. मागचे छोटे दिवे, पाटीचा दिवा आणि तबकडीचा उजेड ही तिन्ही एकाच फ्यूजच्या पोटात असावीत. चक्राखालची पेटी उघडली, झाकणावरचे चित्र मोबाइलच्या उजेडात वाचले, आणि दहा अँपिअरचा तांबडा फ्यूज बाहेर काढला. आतली तार वितळलेली होती.

पेटीत जादा फ्यूज होता. तो घातला, दिव्यांचे बटण फिरवले, आणि तत्क्षणी तोही गेला.

यानंतर जे घडणार होते ते सांगायला मला संकोच वाटतो. भाचा म्हणाला, "मामा, पेटीत एक हिरवा तीसचा आहे, तो इथे बसवू. नाहीतर उदबत्तीच्या पुड्यातला चंदेरी कागद गुंडाळू. बडोदे आता किती दूर?" मी मान डोलावली. आईला अंधारात रस्त्याकडेला बसवून ठेवल्याची टोचणी होती, मागून भरधाव ट्रक जात होते, आणि मागचा दिवा नसलेली गाडी चालवण्यापेक्षा कसाही लागलेला दिवा बरा, असा मला मोह झाला. सौ. ने माझा हात धरला. त्यांचे माहेर दांडिया बाजारातले. त्यांच्या वडिलांनी वाड्यातल्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये सारखी तार जळते म्हणून जाड तांब्याची तार घातली होती, आणि एका नवरात्रात तो सारा लाकडी बोर्ड भिंतीसकट काळा झाला होता. "फ्यूज जळतो तो आपल्याला वाचवायला जळतो," त्या म्हणाल्या, "आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे ते तरी बघा."

टाकी मागच्या चाकाच्या पुढे, हातभर अंतरावर होती.

हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टांची बॅटरी आणि दहा अँपिअर, म्हणजे एकशेवीस वॅट. तेवढ्याच बेताची वायर त्या दिव्यांपर्यंत नेलेली असते. तीसचा फ्यूज किंवा चांदीचा कागद घातला की वितळण्याचे काम वायरीकडे जाते, आणि ती आसनाखालून, गालिच्याखालून, टाकीजवळून जाते. मोटारीची बॅटरी घटकाभर शेकडो अँपिअर सोडू शकते, तिला अडवणारा तोच एक तांबडा तुकडा.

भाचा एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून दभोईच्या बाजूला गेला आणि अर्ध्या तासाने एका ऑटो इलेक्ट्रिकवाल्याला घेऊन आला. पोरगेला तिशीतला माणूस, खांद्याला थैली. फ्यूज मागेल असे मला वाटले होते. त्याने थैलीतून एक दिवा काढला. इंडिकेटरचा एकवीस वॅटचा साधा बल्ब, त्याला दोन वायरी. जळलेल्या फ्यूजच्या दोन खाचांत त्याने त्या दोन वायरी खोचल्या आणि बटण फिरवायला सांगितले. बल्ब लख्ख पेटला.

"साहेब, वायर बॉडीला अर्थ थई गयो छे," तो म्हणाला.

गेली तीस वर्षे मुलांना कवितेचा अर्थ लागत नाही म्हणून मी रागावत आलो, आणि इथे अर्थ लागला हाच बिघाड होता. मोटारीत विजेचा जाण्याचा रस्ता वायर, आणि परतीचा रस्ता गाडीचा पत्रा. जाणारी वायर वाटेतच पत्र्याला टेकली की दिव्यापर्यंत जाण्याचे तिला कारण उरत नाही. फ्यूजच्या जागी बल्ब खोचण्यातली युक्ती अशी की, एकवीस वॅटच्या बल्बातून पावणेदोन अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊ शकत नाही. त्यामुळे कितीही वेळ शोधा, काही जळत नाही, एकही फ्यूज खर्ची पडत नाही, आणि बल्ब डोळ्यांदेखत सांगत राहतो की दोष अजून आहे.

मला त्याने बल्बाकडे बघत बसायला नेमले. "झांखो थाय एटले बूम पाडजो." मंद झाला की हाक मारा. स्वतः तो मागे गेला. डाव्या दिव्याची जोडणी सोडवली. बल्ब तसाच लख्ख. पाटीच्या दिव्याची सोडवली. तसाच. मग तो फुटलेल्या टायरकडे वळला, त्या सुटलेल्या पट्टीकडे बघितले, आणि चाकाच्या खोबणीतले फाटलेले प्लॅस्टिक वाकवून आत हात घातला. बल्ब लुकलुकला. मी ओरडलो. त्याने वायरींचा जुडगा किंचित ओढला, आणि बल्ब मंद, पिवळट झाला. आता प्रवाह पत्र्यातून पळून न जाता मागच्या दिव्यांतून जात होता, आणि बॅटरीचा दाब दोघांनी वाटून घेतला होता.

टायरच्या पट्टीने चाबकासारखे फटके मारून जुडग्यावरचे आवरण सोलून काढले होते. एका वायरीचे तांबे उघडे पडून पत्र्याला घासत होते. शेजारची एक बारीक वायर तर तुटूनच गेली होती. ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची, पिवळा इशारा तिचाच. ती जोडू नये, नवीच घालावी, असे तो म्हणाला. तोवर ब्रेक लागतील, पण जोराने दाबला तर चाक अडकून घसरेल, म्हणून हळू जा. उघड्या वायरीला त्याने नवा तुकडा जोडला, वर नळी चढवून चिकटपट्टी गुंडाळली, आणि चाकापासून दूर प्लॅस्टिकच्या पट्ट्याने बांधून टाकली. मग थैलीतला दहाचा तांबडा फ्यूज घातला. दिवे लागले आणि टिकले. आईने बाभळीखालूनच हात जोडले.

चहा घेताना मी त्याला विचारले, हे कोठे शिकलास? दभोईच्या एका दुकानात, बाराव्या वर्षापासून, असे उत्तर आले. मला कलाभवन आठवले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढले, त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिले, आणि कारागिराला त्याच्याच भाषेत यंत्रविद्या शिकवावी असा गज्जरांचा आग्रह होता. राज्यकारभाराच्या शब्दांसाठी १९३१ साली महाराजांनी आठ भाषांचा शब्दकल्पतरूही करवून घेतला. कचेरीला शब्द मिळाले. गॅरेजला मात्र आपले शब्द स्वतःच घडवावे लागले. अर्थ, शॉर्ट, छेडा, स्टेपनी. ते चांगले चालतात, हे मी त्या संध्याकाळी ऐकले.

घरी पोहोचायला साडेनऊ झाले. सकाळी त्या फुटक्या टायरची बाजू पुसून पाहिली. तिच्यावर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर ३५१४ होते. म्हणजे २०१४ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी खोल, पण रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडलेल्या. हवाही त्या दिवशी मी पाहिली नव्हती. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि तापते, वर वैशाखाची सडक. दुकानदाराने उरलेल्या तिघांचे आकडे वाचले आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. चारही बदलले.

एकवीस वॅटचा एक बल्ब आणि चार हात वायर आता आमच्या डिकीत, जादा फ्यूजांसह, उदबत्तीच्या रिकाम्या डब्यात असते. डबा सौ. नी दिला, आतला चंदेरी कागद आधी काढून.