निरपराध मोटरची कैफियत

‘वाहनांच्या विजेविषयी काहीतरी लिहा, पण सामान्य वाचकाला कळेल असे,’ अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा दिव्यांच्या सणाला साजेसा हेडलाइटचा विषय बाजूला ठेवून मी वायपरचा घेतला, याला कारण गेल्या जुलैतील एक प्रकरण. ते मिटले असले तरी माझ्या मनाच्या दप्तरातून अद्याप खारीज झालेले नाही.

कराडला अडतीस वर्षे मी गाड्यांच्या वायरिंगचे काम केले, आणि त्या काळात ‘वायपर बंद पडला’ म्हणून आलेल्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी मोटर जळाल्याचा निवाडा घरूनच करून आणलेला असे. चौकशी नाही, जबानी नाही, एकदम शिक्षा! वस्तुतः वायपरची मोटर फार सोशिक असते. स्विच दाबल्यावर तिचा घूं-घूं आवाज येतो आणि वायपर मात्र जागचे हलत नाहीत, तर ती निर्दोष आहे असे खुशाल समजावे. दोष बहुधा तिच्या आणि वायपरच्या मधल्या दांड्यांत असतो. मोटर गोल फिरते, वायपरला मात्र अर्धवर्तुळात येरझार घालायची असते. हे रूपांतर ज्या दांड्या करतात त्यांच्या सांध्यात प्लॅस्टिकचा बोटाच्या पेराएवढा बुश असतो, तो झिजला की दांडी बॉलवरून निखळते. उलट मोटर कण्हते आणि फ्यूज उडतो, तेव्हा दांडी सोडवून वायपरचा स्पिंडल बोटांनी फिरवून पाहावा. ग्रीस वाळून तो गंजाने धरलेला असण्याचाच संभव अधिक.

आवाजच नसेल, फ्यूज शाबूत असेल आणि अर्थची तारही घट्ट असेल, तरच मोटरकडे संशयाने पाहावे. आणि तेव्हाही लगेच नवी घेऊ नये. अशा मोटरमध्ये बहुधा तीन कार्बन ब्रश असतात. समोरासमोरच्या दोहोंवर ती संथ चालते, आणि किंचित बाजूला बसवलेल्या तिसऱ्याकडून प्रवाह दिला की आर्मेचरची कमी वेटोळी कामात येऊन वेग वाढतो. म्हणून जलद चालणारा पण संथ न चालणारा वायपर बहुधा एका झिजलेल्या ब्रशचीच तक्रार सांगत असतो... परंतु मी पुन्हा वाहवत चाललो. आणि मूळ प्रकरणाचे बीज नेमके या वाहवण्यातच आहे.

एका संध्याकाळी पोफळीहून एका परिचित गाडीवाल्याचा फोन आला. त्याची जुनी मॅटाडोर चिपळूणला भाजी उतरवून, परतीला बर्फातली मासळी भरून, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पावसात उभी होती.

“काका, वायपरची मोटर गेली. इथं एक गॅरेजवाला नवी टाकून देतो म्हणतोय.”

“आवाज येतो का?”

“येतो की. पण वायपर हलत नाहीत. मी किल्लीच बंद केली शेवटी.”

“मग मोटरला कशाला फाशी देतोस? तूच कर, मी सांगतो.”

आणि मी सांगितले. दहाच्या पान्याने वायपर काढ, काचेखालची जाळी उचल, निखळलेली दांडी शोध, सायकलच्या ट्यूबची पट्टी बॉलवर ओढून दांडी बसव, वरून बारीक तारेने जखड. घाट चढण्यापुरते पुरेल. हे दोन मिनिटांत संपले. पुढची दहा मिनिटे मोटर निरपराध कशी, लोक नव्या मोटरवर पैसे कसे उधळतात, तीन ब्रशांची रचना किती चतुर, याचे प्रवचन मी त्या भिजणाऱ्या माणसाला दिले. तो बिचारा आदराने ‘हो, हो’ म्हणत राहिला.

एक वाक्य मात्र राहून गेले. किल्ली चालू ठेवून वायपरचा स्विच बंद केला, तर मोटर आतल्या संपर्कचकतीच्या आधारे आपल्या ठरल्या विसाव्याच्या जागी जाऊन थांबते. किल्लीच बंद केली तर जिथे असेल तिथे थबकते. सबब वायपर पुन्हा चढवण्यापूर्वी किल्ली फिरवून, स्विच एकदा चालू-बंद करून, मोटरला घरी जाऊ द्यायचे असते. त्याने वायपर नीटनेटके, काचेच्या तळाशी आडवे बसवले, नट आवळले आणि स्विच दाबला. मध्येच थबकलेल्या मोटरने चालकाच्या बाजूचा वायपर खाली पत्र्यावर हाणला; तो वाकला आणि त्याच्या बुडातले दाते घासून गेले. रात्र पोफळीतच गेली, बर्फ वितळला, मासळीचे काय झाले ते मी विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात तो येऊन पेढे ठेवून गेला. “तुमच्यामुळे मोटर वाचली, काका,” एवढेच म्हणाला. मोटर वाचली, हे खरेच. आणि त्या गॅरेजवाल्याने तिच्यावर अन्याय केला असता, यावरही मी ठाम आहे. परंतु नवी मोटर विसाव्याच्या जागीच थांबलेली येते, आणि वायपर कुठे बसवायचे हे त्याचे हात जाणत होते. तो माणूस त्याच रात्री घाट चढला असता.