आता मी विचारतो

मेडिकलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने पुरुषांच्या 'तसल्या' दुखण्याबद्दल चकार शब्द काढू नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. गिऱ्हाईक आधीच अवघडलेलं असतं. त्यात आमचं तालुक्याचं गाव, रांगेत मागे कुणीतरी पाव्हणा नाहीतर पोराचा मास्तर उभा. चिठ्ठी बघावी, औषध खाकी पाकिटात घालावं, पैसे घ्यावेत आणि वर बघू नये. यातच त्याची अब्रू राखली जाते, असं मी मानायचो. दुकानातल्या पोरांनाही तेच शिकवलं होतं.

आज माझं मत बरोबर उलट आहे.

त्याची सुरुवात ओळखीच्या एका काकांपासून झाली. सर्दी झाली म्हणून त्यांनी घरात पडलेली सुनेची गोळी घेतली आणि रात्रीतून लघवी तुंबली. दवाखान्यात नेऊन नळी घालावी लागली. दोन दिवसांनी काकू औषधं न्यायला आल्या. म्हणाल्या, "वर्ष झालं, रात्री चार-चार वेळा उठतात. धार बारीक झालीय म्हणे. मला आत्ता, डॉक्टरांपुढे कळलं."

प्रोस्टेटची गाठ मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असते. वयानुसार ती वाढते. साठीत साधारण निम्म्या पुरुषांची वाढलेली असते आणि बहुतेकांत तिचा कॅन्सरशी संबंध नसतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन असतं. पहिलं तिथले स्नायू आवळतं, दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करतं. काठावर आलेल्या माणसाला तेवढं पुरतं. ही सगळी माहिती दुकानात होती, काकांच्या तोंडून एक वाक्य यायचं राहिलं होतं.

त्यानंतर मी बारकाईने बघू लागलो. प्रोस्टेटवरची टॅमसुलोसिन सुरू केलेली माणसं दोन महिन्यांत औषध न्यायला यायचीच बंद होतात, हे तेव्हा ध्यानात आलं. कारण मला एकाने दुपारच्या निवांत वेळी सांगितलं: संबंधाच्या वेळी वीर्य येईनासं झालं, म्हणून घाबरून गोळी सोडली. या गोळीचा हा माहीत असलेला परिणाम आहे. त्यात अपाय नाही, गोळी थांबवली की बहुधा पूर्ववत होतं, आणि डॉक्टरांशी बोलून औषध बदलताही येतं. त्याला हे आधी कुणीच सांगितलेलं नव्हतं. आता मी सांगतो. झटकन उठू नका, चक्कर येते, हेही सांगतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, हे तर आवर्जून सांगतो. ही गोळी घेणाऱ्याची बाहुली ऑपरेशनमध्ये नीट मोठी होत नाही, बुबुळ ढिलं पडतं, आणि लघवीच्या गोळीचा डोळ्याशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात यायचं?

ताठरतेच्या गोळीबद्दल तर मी जास्तच आग्रही झालोय. त्यातलं औषध सिल्डेनाफिल मुळात हृदयशूलावर उपाय म्हणून तपासलं जात होतं. १९९८ साली अमेरिकेत ते ताठरतेसाठी मंजूर झालं. छातीसाठी नायट्रेटची गोळी, म्हणजे जिभेखाली धरतात ती सॉर्बिट्रेट, घेणाऱ्याने हे औषध घेतलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. तरी लोक चिठ्ठीशिवाय मागतात, मित्राकडून घेतात. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक पुड्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. पुडी घेणाऱ्याला आपण काय गिळतोय याचा पत्ताही नसतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे आतून त्या निबर होऊ लागल्या की तक्रार आधी तिथे दिसते आणि छातीत नंतर, कधी कधी काही वर्षांनी. साखर, रक्तदाब, तंबाखू ही मागची कारणं. चाळिशी-पन्नाशीतला माणूस ती गोळी मागायला येतो तेव्हा शरीराने त्याला वेळीच इशारा दिलेला असतो. मी गप्प बसून पाकीट हातात ठेवलं तर तो इशारा तिथेच पुरला जातो.

म्हणून आता मी काउंटरच्या कडेला बोलावून हळू आवाजात विचारतो. साखर कधी तपासली? छातीची गोळी चालू आहे का? लघवीला जोर करावा लागतो का? चिठ्ठी नसेल तर ताठरतेची गोळी देत नाही. काही जण रागावून जातात. बरेच जण मात्र विचारलं म्हणून मोकळे होतात, आणि बोलू लागले की थांबत नाहीत.

तुम्हीही मेडिकलमध्ये जाल तेव्हा, कुणी विचारो न विचारो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं सांगा. लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी तुंबली तर दुकानात येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा.