कोंडवाड्याचं दार

पाय मोडल्याने सुरतेत लिंबायतच्या खोलीत पडून आहे. प्लास्टरच्या आत नडगीला खाज सुटते, बोट पोचत नाही. स्वेटरची सुई सरकवून भागवतो. यंत्रमागांची खडखड रात्रीही चालूच. उशाशी दलित कवी दया पवारांचा ‘कोंडवाडा’, १९७४चा कवितासंग्रह.

कैदेचं प्रतीक म्हणून पिंजऱ्यातला पक्षी जगाच्या ओळखीचा. गुलामगिरी भोगलेल्या आईबापांचा मुलगा, अमेरिकी कवी पॉल लॉरेन्स डन्बर याने १८९९ मध्ये त्याच्यावर कविता छापली. माया अँजेलोने १९६९ मध्ये आत्मकथेचं नाव तिथूनच उचललं. पण पक्षी हौसेनं पाळतात, गाण्यासाठी. कोंडवाड्यात कसली हौस? जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरलं, हद्द ओलांडली, म्हणून आत. शेजारी राहणाऱ्या धुळ्याच्या काकांनी लहानपणी कोंडवाड्यातून बैल सोडवून आणला होता. त्यांना कुलूप आठवत नाही, रिकामी गव्हाण आठवते, आणि बैलाची वर आलेली हाडं. दंड भरला की सुटका; सुटका म्हणजे पुन्हा मालकाची दावण. मला हेच जास्त भयंकर वाटतं. दार उघडून भागत नाही. मग कशानं?

एक उत्तर संग्रहाच्या आधीच आलं होतं: १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर या संघटनेने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. दावणीला न बांधता येणारं जनावर निवडलं, हे मला आवडतं. पण झेप घेतल्यावर उतरायचं कुठे, हे काही मला सुटत नाही. असो.

‘कोंडवाडा’ हाती आला तर प्रतीकांचे अर्थ सांगणारे लेख नंतर वाचा. आधी कविता वाचा, तीही मोठ्यानं.