दाब... धर... सोड!

मी कला शाखा निवडली तेव्हापासून बाबा आणि मी कामापुरतेच बोलत होतो. एका रविवारी आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे ब्रेक-पेडल खोल गेले आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर आले. "नळीत हवा शिरलीय," बाबा म्हणाले. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते; सारा घोटाळा तिथे!

हवा काढायला दोन माणसे लागतात. मी आत बसलो. बाबा मागच्या डाव्या चाकापाशी आडवे झाले, कारण मास्टर सिलिंडरपासून तेच सर्वांत लांब. "दाब... धर... सोड!" निपल बंद होण्याआधीच मी पाय उचलला आणि हवा पुन्हा आत गेली. वाटले, आता बोलणी खाणार! बाबा एवढेच म्हणाले, "पुन्हा."

चारही चाके झाली. तरी गाडी जरा उभी राहिली की पेडल खालीच. अखेर मास्टर सिलिंडर उघडला. नळीतला थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह झिजला होता. तो बदलला, पुन्हा हवा काढली, पेडल घट्ट झाले.

दिवसभरात बाबा माझ्याशी तीनच शब्द बोलले असतील, पण शंभरदा. संध्याकाळी घाटाचा उतार आला तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली माझ्या हातात दिली.