डोयामा कचरा गया

1980च्या दशकात सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या लूमखात्यांत संचा बंद पडला की दुरुस्तीला जॉबर छिन्नी-हातोडा घेऊन यायचा. लोखंडावर लोखंड बसलं की बारीक कपची उडायची आणि कधी तरी नेमकी डोळ्यात जायची. ‘डोयामा कचरा गया, फुक मार’ म्हणत शेजाऱ्यापुढे पापणी उलटून धरायची. फुंकर, रुमालाचा शेक, गुलाबपाणी, चाळीत ओली बाळंतीण असली तर तिच्या दुधाचे दोन थेंब, आणि पाळी पुन्हा सुरू.

गोडादऱ्याकडे तेव्हा शेतंच जास्त. जळगाव, धुळे, नंदुरबारहून भुसावळच्या गाडीनं आलेली आम्ही माणसं एका खोलीत सहा-सात जण राहायचो. एक आजारी पडला की बाकीचे त्याची पाळी ओढायचे. तसा जीव लावणारी माणसं मला पुन्हा भेटली नाहीत.

आमच्या खोलीतल्या एका जॉबरला संध्याकाळी कपची लागली. जखम टाचणीच्या टोकाएवढी, रक्ताचा थेंब नाही. पहाटे पापणी फुगली. दुपारी बघितलं तर बुबुळाच्या खालच्या कडेला पिवळसर पू साचलेला, आणि ठणका असा की तो भिंतीला डोकं घासत होता. सगळ्यांनी खिसे झाडले, दोघांनी त्याला रिक्षात घातलं. मायेत कुठं कमी पडलो नाही, पण डोळा काढावाच लागला.

याचं कारण असं: डोळ्याच्या आतल्या पोकळीत काचेसारखी पारदर्शक जेली असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे पोटातून घेतलेलं औषध तिथं पुरेसं पोचत नाही, आणि कपचीबरोबर आत शिरलेले जंतू मात्र मोकाट माजतात. मातीतला बॅसिलस जंतू तर एक-दोन दिवसांत दृष्टी संपवू शकतो. फ्रान्समधल्या एका खोगीरवाल्याच्या तीन वर्षांच्या पोराला 1812मध्ये बापाच्या दुकानातली आरी लागली. जंतू एका डोळ्यात गेले, पण पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. तो पुढे अंधांची लिपी बनवणारा लुई ब्रेल.

डोळ्यांचे सर्जन रॉबर्ट माखेमर यांनी 1970मध्ये मायामीत ही जेली बंद डोळ्यातून काढून दाखवली. आता डोळ्याच्या पांढऱ्या भागात मिलिमीटरहूनही बारीक तीन छिद्रं पाडतात: एकातून पाणी, दुसऱ्यातून उजेड, तिसऱ्यातून कापून ओढून घेणारी नळी. पू धरलेली जेली निघते, लोखंड चिमट्यानं किंवा चुंबकानं बाहेर येतं, नमुना तपासणीला जातो. व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम सुईनं थेट आत सोडतात. पडदा सुटला असेल तर वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. असं ऑपरेशन करणारे सर्जन आज सुरतेतच आहेत; त्या जॉबरच्या वेळी हे आमच्या कानावरही नव्हतं.

गोडादऱ्यात आता इमारतींची रांग आहे. बऱ्याच ठिकाणी धोट्याचे संचे जाऊन वॉटरजेट आले. एका खोलीतलं ते जगणं आठवलं की आजही गळा भरून येतो, तरी डोळ्याच्या बाबतीत ते दिवस परत नकोत. छिन्नी आणि ग्राइंडर मात्र अजून तेच आहेत, आणि संरक्षक चष्मा बहुतेकांच्या खिशातच असतो.

तेव्हा भावांनो, ठोकाठोकीला बसताना चष्मा डोळ्यावर चढवा. तरीही काही घुसलंच, तर चोळू नका, धुऊ नका, रुतलेलं उपसू नका, कसलेही थेंब घालू नका. वरून कागदी कप अलगद चिकटवा आणि त्याच तासाला डोळ्यांच्या दवाखान्याची वाट धरा. पाळी संपायची वाट बघू नका.